सातबारा ते गाठ : हमीभावात कापूस विकताना पाहिलेली साखळी

२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता आणि आमच्या मारेगाव तालुक्यात खेडा खरेदीवाले, म्हणजे गावात येऊन कापूस घेणारे व्यापारी, सात हजारांच्या आतबाहेर बोलत होते. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं, पुढं ती माफी डिसेंबर अखेरपर्यंत वाढवली, आणि बाजार जो खाली बसला तो बसलाच. क्विंटलमागं हजार रुपये सोडायची आमची ऐपत नाही. म्हणून यंदा सगळा कापूस सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला द्यायचा, असं घरात ठरलं.

आणि यंदापासून सीसीआयला कापूस द्यायचा म्हणजे ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करायची, ती मंजूर झाली की स्लॉट, म्हणजे माल आणायचा ठरावीक दिवस, घ्यायचा, आणि त्या दिवशीच गाडी न्यायची. आमची जमीन सासूबाईंच्या नावावर. नवरा वणीला नोकरीला, रात्री उशिरा घरी येतो. त्यामुळं मोबाईलवरचं सगळं काम माझ्याकडं आलं. मी बी.कॉम. आहे. कॉलेजात पुरवठा साखळी आणि माहिती तंत्रज्ञान असा एक धडा होता, त्यात मोटारीचे कारखाने आणि मोठमोठी गोदामं होती. वावरातून निघालेलं बोंड त्या साखळीची पहिली कडी असतं हे मला या हंगामात नीट दिसलं. जे पाहिलं ते सविस्तर लिहिते, कारण पुढच्या वर्षी आमच्यासारख्या कितीतरी घरांतल्या सुना-मुलींवरच हे काम येणार आहे.

सुरुवात ॲपपासून होते असं वाटतं, पण खरी सुरुवात ऑगस्टमधल्या ई-पीक पाहणीपासून होते. राज्यात ही पद्धत २०२१ च्या १५ ऑगस्टला सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांश जातात, आणि तेच पीक सातबारावर चढतं. आमचं वावर नाल्याकाठी. तिथं रेंज नाही, चिखल मात्र गुडघाभर. फोटो काढायचा आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीपाशी येऊन पाठवायचा, असं करावं लागलं. सासूबाई म्हणाल्या, “वावर आपलं, पऱ्हाटी आपली, मंग फोटो काहाले पाह्यजे?”

फोटोपेक्षा महत्त्वाचं असतं ते क्षेत्र. आमच्याकडं निव्वळ कपाशी कोणी लावत नाही. कपाशीच्या काही ओळींमागं तुरीची ओळ असतेच. पाहणीत मिश्र पीक निवडून कपाशीचं किती आणि तुरीचं किती, हे वेगवेगळं भरावं लागतं. घाईघाईत पुष्कळ जण अर्धंअर्धं टाकून मोकळे होतात. पण सीसीआय एकरी किती कापूस घेणार याची मर्यादा ठरलेली असते आणि ती जिल्ह्याच्या उत्पादनाच्या सरासरीवरून निघते. सातबारावर कपाशीचं क्षेत्र जितकं, तितकाच तुमचा कापूस खरेदीत बसतो. ऑगस्टमध्ये चिखलात उभं राहून टाकलेला आकडा नोव्हेंबरमध्ये गाडीत किती माल भरायचा ते ठरवतो. म्हणून मी ओळी मोजल्या, तुरीच्या ओळींचं क्षेत्र काढलं आणि मगच भरलं. गावातल्या बायकांनाही तेच सांगितलं.

सप्टेंबरमध्ये ॲपची नोंदणी सुरू झाली. आधी दिलेली मुदत पुढं वाढवली गेली, ते बरंच झालं. कारण नोंदणीला बसलं की कळतं, आपली कागदपत्रं एकमेकांशी बोलत नाहीत. सासूबाईंच्या आधारला जो मोबाईल नंबर जोडलेला होता तो मोठ्या दिरांचा जुना नंबर, कधीचाच बंद पडलेला. ओटीपी जायचा तो त्या बंद नंबरावर. सातबारावर त्यांच्या नावाला ‘बाई’ जोडलेलं, आधारवर नाही. बँकेत खाती दोन, त्यातलं आधारला कुठलं जोडलंय ते कुणालाच ठाऊक नाही. कापसाचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात, तुम्ही पासबुक कुठलंही दाखवा.

यातली शेवटची गाठ सेवा केंद्रातल्या पोरानं एका वाक्यात सोडवली. “वहिनी, लाडक्या बहिणीचे पैसे कोणत्या खात्यात येतेत? तेच तुमचं आधारचं खातं.” बायकांसाठी यापेक्षा सोपी खूण मला अजून सापडलेली नाही. नंबर आधार केंद्रात जाऊन बदलून घेतला. नावाच्या फरकासाठी तलाठ्याचा दाखला जोडला. मग सातबारा, आधार, फोटो चढवला आणि बाजार समितीच्या मंजुरीची वाट पाहत बसलो.

तेवढ्यात दिवाळी आली आणि मी माहेरी गेले. माहेर खामगाव तालुक्यात. तिथं बाबांना हे सगळं सांगत होते, तर ते एकाधिकाराच्या काळातलं सांगायला लागले. महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ साली आली. कापूस सरकारलाच विकायचा, दुसऱ्या कुणाला नाही. बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग संकलन केंद्रापासून रस्त्यापर्यंत लागायची, माणसं बंडीखालीच निजायची, बैलांचा कडबा सोबत न्यायचा. “नंबर कवा येईन हे केंद्रावरल्यालेई माहीत नसे,” बाबा म्हणाले. चुकारे, म्हणजे कापसाचे पैसे, हप्त्यांनी मिळायचे. मला त्यात एकच गोष्ट लागून राहिली. वाट पाहणं तेव्हाही होतं, आताही आहे. पण किती वाट पाहायची हे कळण्याला मोल असतं. ते ज्याच्याजवळ असतं तो घरी झोपतो, आणि नसतं तो बंडीखाली.

खामगावची गोष्ट त्याहून जुनी आहे. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराला नेता यावा म्हणून जलंब ते खामगाव रेल्वेचा फाटा १८७० साली सुरू झाला. त्याच वर्षी मुंबई ते लंडन समुद्राखालची तार जोडली गेली. म्हणजे कापूस रेल्वेनं जायला लागला आणि विलायतेतला भाव या तारेनं यायला लागला, दोन्ही एकाच वर्षी. वऱ्हाडातल्या कापसाच्या साखळीतलं पहिलं माहिती तंत्रज्ञान म्हणायचं तर ती तार. पण तारेचा कागद येई तो व्यापाऱ्याच्या पेढीवर. बंडी घेऊन आलेल्या माणसाला भाव कळे तो अडत्याच्या तोंडून. माल त्याचा आणि बातमी दुसऱ्याची, ही विभागणी तेव्हापासूनची. आज भाव प्रत्येकाच्या मोबाईलवर आहे, सरकीचा, ढेपेचा, रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, सगळा. हा बदल फार मोठा आहे आणि तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. पण ती विभागणी पुरती मिटलेली नाही, तिनं जागा बदलली आहे. ते पुढं येईलच.

मंजुरी आली. मग स्लॉट. ॲपवर केंद्र निवडायचं, तारीख निवडायची, किती क्विंटल आणणार ते टाकायचं. स्लॉट खुले झाले की झरझर भरतात. आमच्या घरात रेंज जिन्यावर येते, म्हणून मी जिन्यावर बसून स्लॉट घेतला. स्लॉट कशासाठी, हे जिनिंगवर, म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यात, गेल्यावर मला उमगलं. सीसीआय स्वतः कापूस घेते, पण तो ठेवायचा आणि सरकी काढून गाठी करायच्या त्या करार केलेल्या खासगी जिनिंगमध्ये. त्या जिनिंगमध्ये दिवसाला किती कापूस उतरवता येईल, किती सरकी निघेल, किती गाठी दाबल्या जातील याला मर्यादा आहे. आवारात कापसाच्या गंज्या वाढल्या की आगीची भीती, पाऊस आला की भिजण्याची. पूर्वी सगळं गाव एकाच दिवशी ट्रॅक्टर घेऊन उभं राहायचं आणि जिनिंगपुढं दोन-दोन दिवस गाड्या अडकायच्या. गाडीचं भाडं चढायचं ते वेगळंच, आणि ते चुकवायला माणूस शेवटी शेजारच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर माल उतरवून मोकळा व्हायचा. स्लॉटनं हे बंद केलं. या एका गोष्टीसाठी मी या ॲपच्या बाजूनं कुणाशीही भांडायला तयार आहे.

पण तारीख ठरवता येते, कापसाचा ओलावा ठरवता येत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी अवकाळी पाऊस झाला. फुटलेली बोंडं झाडावरच भिजली. सीसीआयचा नियम असा : ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव, त्यापुढं प्रत्येक टक्क्याला एक टक्का कटती, आणि १२ च्या वर गेला तर कापूस घेतच नाहीत. ८,११० च्या भावाला एक टक्का म्हणजे क्विंटलमागं ८१ रुपये १० पैसे. वीस क्विंटलची गाडी असेल तर ओलाव्याच्या एका टक्क्याला सोळाशे बावीस रुपये. एवढ्यात दीड-पावणेदोन पाकिटं बियाणं येतं. यंदा बीटीचं पाकीट ९०१ रुपयांना होतं.

आमच्याकडं ओलावा मोजायचं यंत्र नाही. सासूबाईंची रीत वेगळी. त्या कापसातली सरकी काढतात आणि दाढेखाली धरतात. कट्ट आवाज येऊन फुटली तर सुकली. दबली तर अजून दोन ऊन पाहिजेत. आम्ही घरातला सगळा कापूस स्लॅबवर ताडपत्रीवर पसरला, दुपारी हातानं उलथवायचा, दव पडायच्या आत गोळा करून झाकायचा. पहिला वेचा वेगळा ठेवला, पावसात भिजलेला वेगळा. भिजलेल्यातली कवडी, म्हणजे न उमललेली पिवळट बोंडं, बायकांनी हातानं निवडून काढली. स्लॉटच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी ढिगात चार ठिकाणी हात खुपसून सरकी काढली, एकेक फोडली आणि म्हणाल्या, “भर गाडी.”

केंद्रावरचा दिवस असा गेला. फाटकावर स्लॉट आणि आधार पाहिलं, ओळख पटली. सासूबाई सोबत होत्याच, कारण नाव त्यांचं. पिकअप रांगेत लागलं, रांग छोटी होती. मग ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा, आला. त्याच्या हातातल्या यंत्राची लांब सळई त्यानं कापसात खोल घातली, आकडा पाहिला, काढली, दुसरीकडं घातली. वरच्या थरात ९ च्या घरात, मधोमध १० च्या पुढं, तळाशी त्याहून थोडा जास्त. तळाचा कापूस वरच्या मालाच्या दाबानं दमट राहतो, हे मी त्या दिवशी शिकले. त्यानं १० टक्के धरला. सासूबाईंनी दाताखाली काढलेला अंदाज आणि यंत्राचा आकडा यांत फार अंतर नव्हतं, याचा मला फार अभिमान वाटला.

मग त्यानं कापसाचा एक पुंजका घेतला, दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी ओढून धागे समांतर केले, उजेडाकडं धरून लांबी पाहिली. हमीभावाचे वर्ग धाग्याच्या लांबीवर आणि मायक्रोनेअरवर ठरतात. मायक्रोनेअर म्हणजे धागा किती बारीक आणि किती पक्व, याचं माप. लांब धाग्याच्या ८,११० च्या भावासाठी लांबी २९.५ ते ३०.५ मिलिमीटर आणि मायक्रोनेअर ३.५ ते ४.३ धरलं आहे. मध्यम धाग्याला यंदा ७,७१० होता. लांबीतला हा फरक अंगठ्यांत धरलेल्या पुंजक्यावरून ठरतो. ग्रेडरची नजर तयार होती, मला त्याच्या कामाबद्दल काहीच तक्रार नाही. आमचा माल लांब धाग्यात बसला. १० टक्के ओलाव्याची कटती जाऊन भाव निघाला ७,९४७ रुपये ८० पैसे.

भरलेली गाडी काट्यावर, कापूस उतरवून रिकामी गाडी काट्यावर, वजा करून निव्वळ वजन. आकडा थेट कॉम्प्युटरवर गेला आणि तकपट्टी छापून हातात आली. तीवर वजन, ओलावा, भाव, रक्कम, सगळं. आम्ही फाटकाबाहेर चहा घेत होतो तोवर सासूबाईंच्या मोबाईलवर खरेदीचा एसएमएस आलासुद्धा. त्यांना अक्षरं जेमतेम येतात, पण आकडे चोख वाचतात. त्यांनी मोबाईल आणि तकपट्टी शेजारी-शेजारी धरून दोन्हीकडची रक्कम जुळवली, मग दोन्ही वस्तू पदरात बांधल्या. खेडा खरेदीत काट्याचा आकडा व्यापाऱ्याच्या वहीत असतो आणि आपल्या डोक्यात. इथं तो आपल्या हातात असतो, आणि नंतर कुणी फिरवू शकत नाही.

पिकअपवाल्याची दुसरी खेप व्हायची होती म्हणून आम्हाला थांबावं लागलं, आणि त्यामुळं मला जिनिंग आतून पाहायला मिळालं. आमचा कापूस गंजीवर पडला आणि पाहता-पाहता बाकीच्यांच्या कापसात मिसळून गेला. गंजीतून तो हवेच्या नळानं ओढून आत नेतात. आत डबल रोलर यंत्रांच्या ओळी, त्यांवर रुई एकीकडं आणि सरकी एकीकडं. क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. म्हणजे पाचेक क्विंटल कापसाची एक गाठ. गाठ १७० किलोची. दाबून, कापडात गुंडाळून, पट्ट्या बांधून ती बाहेर येते आणि तिच्यावर क्यूआर कोडचं लेबल लागतं.

त्या लेबलापाशी मी थबकले. प्रेसवरच्या सुपरवायझरभाऊंनी समजावून सांगितलं. सीसीआयच्या गाठींचा माग आता ब्लॉकचेनवर ठेवतात. कापूस कुठल्या गावांतून खरेदी झाला, कुठल्या कारखान्यात दाबला, गाठ कधी विकली गेली, ही नोंद कोडमागं असते. एकदा चढलेली नोंद मागून गुपचूप बदलता येत नाही. गाठींतून रुईचे नमुने निघतात, यंत्रावर तपासले जातात. लांबी, मायक्रोनेअर, ताकद, रंग, कचरा, सगळं आकड्यांत येतं. सीसीआय गाठी ऑनलाइन लिलावानं विकते. कोइम्बतूरचा किंवा आणखी कुठला सूतगिरणीवाला जागेवर बसून हे आकडे पाहतो आणि बोली लावतो. गाठ डोळ्यांनी पाहायचीही त्याला गरज पडत नाही.

एवढा खटाटोप का, याचं कारण बाहेरदेशी आहे. चीनच्या शिनजियांग भागात सक्तीच्या मजुरीनं पिकवलेला कापूस आपल्या देशात नको म्हणून अमेरिकेनं कायदा केला, तो जून २०२२ पासून लागू झाला. तेव्हापासून अमेरिकेत कपडे विकणाऱ्या कंपन्यांना कापूस नेमका कुठला हे दाखवावं लागतं. शर्ट बांगलादेशात शिवला असला तरी त्यातला कापूस कुठल्या जिनिंगचा, इथपर्यंत विचारतात. भारताच्या ‘कस्तुरी कॉटन’ या नाममुद्रेतही असाच माग ठेवतात, गाठीपासून कापडापर्यंत क्यूआर कोड लावत. म्हणजे मारेगावच्या कापसाचं नावगाव विचारणारं गिऱ्हाईक जगात तयार झालंय. ही आपल्यासाठी चांगली गोष्ट आहे.

मी सुपरवायझरभाऊंना विचारलं, “आमच्या कापसाची लांबी यंत्रावर किती भरली, हे आम्हाला कुठं दिसेल?” ते म्हणाले, “ताई, गंजीत दहा गावांचा माल एक झाला. गाठीचा रिपोर्ट हाये, तुमच्या कापसाचा कसा सांगू?”

उत्तर खरं होतं. आणि तिथंच मला ती जुनी विभागणी पुन्हा दिसली. वावराची जागा, पिकाचं क्षेत्र, नाव, आधार, खातं, ओलावा, वजन, ही सगळी माहिती आमच्याकडून निघून कापसासोबत पुढं जाते. गिरणीवाल्याला धाग्याचे आकडे मिळतात, कपड्याच्या कंपनीला गावाचं नाव मिळतं. आमच्याकडं परत येतात ते पैसे आणि एसएमएस. पैसे यावेतच. पण धाग्याच्या आकड्याचं काम खरं तर वावरात आहे. गावात एकाच तालुक्याच्या दुकानातून पाच-सहा वाणांचं बियाणं येतं. कुठल्या वाणाचा धागा आमच्या काळ्या जमिनीत पूर्ण लांबीचा भरतो, कुठल्याचं मायक्रोनेअर उशिराच्या वेच्यात घसरतं, पावसात भिजलेल्यानं ताकद किती गमावली, रुईचा उतारा, म्हणजे क्विंटलमागं निघणारी रुई, कुणाचा जास्त, हे कळलं तर बियाणं निवडताना उपयोग. आज निवड होते ती पाकिटावरच्या चित्रावरून आणि दुकानदाराच्या बोलण्यावरून. उताऱ्यात एका किलोचा फरक म्हणजे जिनिंगवाल्याला केवढा असतो, हे तो जाणतो. आम्हाला आमचा उतारा माहीत नसतो.

कचऱ्याचंही तसंच. भारतीय कापसाबद्दल गिरण्यांची जुनी तक्रार आहे ती त्यात सापडणाऱ्या केसांची, सुतळीची, प्लास्टिकच्या धाग्यांची. वेचणाऱ्या बायकांनी डोक्याला फडकं बांधलं, कापूस खताच्या प्लास्टिक पोत्याऐवजी सुती धोतरात बांधला, तर बरंच टळतं. आम्ही यंदा ते केलं. पण केलेल्याचा आणि न केलेल्याचा माल एकाच गंजीत पडतो, एकाच भावानं. ज्या बाईनं आठ-नऊ तास वाकून स्वच्छ कापूस वेचला तिच्या कामाची नोंद कुठल्याही कोडमागं नाही. माग गावापर्यंत नेता येतो तर वेगळ्या ढिगापर्यंतही नेता येईल, त्यासाठी एका वाणाचा, एका प्रतीचा माल एकत्र आणायला आधी गावानं तयार व्हायला हवं. तंत्र तयार आहे. ढीग वेगळा ठेवायची रीत आपल्याला घालावी लागेल.

आणि एक गोष्ट लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आमच्या शेजारच्या काकू मक्त्यानं वावर करतात. नवरा गेला, स्वतःची जमीन नाही. वर्षाचा मक्ता आधी देऊन त्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर राबतात. करार तोंडी, कागद नाही. ई-पीक पाहणीत नाव मालकाचं, ॲपवर नाव मालकाचं, पैसे येणार मालकाच्या खात्यात. मालक नागपुरात राहतो. त्याला त्याच्या आधारवर दुसऱ्याचा कापूस विकायचा नाही, कारण उद्या काही विचारणा झाली तर, ही धास्ती. काकूंनी सगळा कापूस खेडा खरेदीत दिला. आमच्या धुऱ्याला धुरा लागून, तोच पाऊस, तीच जमीन. आम्हाला ७,९४७ आणि त्यांना सात हजाराच्या आत. साखळी नावापासून सुरू होते आणि नाव सातबारापासून. ज्यांचं नाव सातबारावर नाही अशी माणसं आमच्या गावात थोडी नाहीत. काकू मला म्हणाल्या, “तुह्या मोबाईलात मी काई दिसत नाही, पोरी.” यावर उपाय कागदाचा आहे, मोबाईलचा नाही. मक्त्याचा लेखी करार सुरक्षितपणे करता आला, मालकाला जमीन जाण्याची भीती राहिली नाही, तरच ॲपमध्ये पिकवणाऱ्याचं नाव टाकायला जागा होईल. हे काम सरकारनं करावं असं मला कळकळीनं वाटतं, कारण हमीभाव पिकाला आहे, आणि पीक काकूंनी घेतलं.

पैसे आले. लाडक्या बहिणीच्या खात्यातच आले. दुकानदाराचं खताचं बिल आणि पीक कर्जाचा हप्ता त्यातून गेला.

आता उलंगवाडी झाली, म्हणजे वेचणी संपली, पऱ्हाट्या उपटून झाल्या. आमच्या बचत गटात दोन गोष्टी ठरल्या आहेत. एक म्हणजे ओलावा मोजायचं यंत्र गटाच्या पैशातून घ्यायचं आणि गावात फिरतं ठेवायचं. सासूबाईंची दाढ सगळ्या गावाला पुरणार नाही. दुसरं म्हणजे धाग्याची तपासणी आपणच करून घ्यायची. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून आहे आणि तिचं जिनिंगचं प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे. या संस्थेत शुल्क भरलं की धाग्याची तपासणी करून मिळते. वेगवेगळं बियाणं लावलेल्या आमच्यातल्या बायकांनी पहिल्या वेच्याचा आणि पावसानंतरच्या वेच्याचा थोडाथोडा कापूस सुती पिशव्यांत बांधून ठेवलाय. प्रत्येक पिशवीला चिठ्ठी आहे : वाण कोणतं, जमीन भारी की हलकी, लागवड कधीची, वेचा कितवा. काकूंच्या वावरातलीही एक पिशवी आहे, चिठ्ठीवर नाव त्यांचंच.

पिशव्या नागपूरला न्यायचं काम माझ्याकडं आहे. मे संपता-संपता बियाण्याची खरेदी सुरू होते, दुकानांपुढं गर्दी होते आणि मग जे मिळेल ते घ्यावं लागतं. त्याआधी लांबीचे, मायक्रोनेअरचे आणि उताऱ्याचे आकडे गटाच्या वहीत उतरवून घ्यायचे आहेत.